दिग्व्रत आणि उत्तरेचा समुद्र

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी पाच अणुव्रतांविषयी आपण प्रवचनांत वरचेवर ऐकतो. त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या दिग्व्रताकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. काही परंपरांत त्यालाच दिशापरिमाण व्रत म्हणतात. दाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची व व्यवहाराची सीमा ठरवावी आणि ती आजन्म ओलांडू नये, हा त्याचा आशय. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त या सीमेच्या खुणा सांगताना समुद्र, नदी, अरण्य, पर्वत यांची नावे घेतली आहेत. आता माल जगभर जातो, तेव्हा हे व्रत कालबाह्य झाले, असे अनेकांना वाटते. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातील घडामोडी वाचताना मला ते आजच्या काळासाठीच सांगितल्यासारखे वाटू लागले.

पृथ्वीचे तापमान वाढल्यामुळे आर्क्टिक महासागरातील उन्हाळी बर्फ ओसरत चालला आहे आणि तेथे जहाजांना वाट मिळू लागली आहे. योकोहामाहून रॉटरडॅमला सुएझमार्गे जाण्यास सुमारे ११ हजार सागरी मैल पडतात. रशियाच्या उत्तर किनाऱ्याने गेल्यास ७ हजारांच्या आसपास. यातला नफा व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. आर्क्टिक परिषदेच्या आकडेवारीनुसार २०१३ साली या प्रदेशात सुमारे १,३०० जहाजे शिरली. २०२३ साली ती संख्या १,८०० च्या जवळ गेली. जहाजांनी तेथे कापलेले एकूण अंतर तर दुपटीहून अधिक झाले.

बँकेत परदेशी व्यापाराची कागदपत्रे तपासताना बंदर, भाडे, विमा, तारीख असे सारे रकाने मी पाहत असे. या समुद्राचे नुकसान त्यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही. जहाजाच्या धुरातील काजळी बर्फावर बसते, पांढरा बर्फ काळवंडतो, अधिक ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. फर्नेस ऑइलसारखे जड इंधन थंड पाण्यात सांडले तर ते सहज विरत नाही. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे जहाज खडकावर आदळले आणि सुमारे ४ कोटी लिटर खनिज तेल समुद्रात गेले. कित्येक वर्षांनंतरही तेथील वाळूगोट्यांखाली ते तेल सापडत होते. ध्रुवाच्या आणखी जवळ, जेथे मदत पोहोचण्यासच कित्येक दिवस लागतील, तेथे असे घडले तर काय होईल?

शिवाय आवाज आहे. कॅनडाच्या उत्तरेस बॅफिन बेटावर पाँड इन्लेट नावाचे इन्युइट लोकांचे छोटे गाव आहे. जवळच्या खाडीत उन्हाळ्यात नार्व्हाल येतात. नार्व्हाल म्हणजे लांब सुळा असलेले देवमासे. अंधाऱ्या पाण्यात ते आवाजानेच वाट शोधतात आणि एकमेकांना हाक देतात. २०१५ पासून मेरी रिव्हर खाणीचे लोहखनिज याच पाण्यातून मोठ्या जहाजांनी जाऊ लागले. नार्व्हाल कमी झाले, अशी तक्रार शिकारी करू लागले. खाणीचे उत्पादन दुप्पट करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, काही शिकाऱ्यांनी खाणीचा रस्ता आणि धावपट्टी अडवून धरली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅनडा सरकारने तो विस्तार नाकारला.

शिकारीवर जगणाऱ्यांची बाजू आपण कशी घ्यावी, असे कोणी विचारील. अहिंसा हा आपला परम धर्म आहे. तो सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. परंतु जेथे धान्याचा दाणा पिकत नाही, तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाची गरज आणि दूरच्या बाजारपेठेचा लोभ एका तराजूत तोलता येणार नाहीत. त्या लोकांचा जहाजांना सरसकट विरोधही नाही. त्यांची वर्षभराची रसद उन्हाळ्यात जहाजानेच येते. त्यांचे मागणे मर्यादेचे आहे, आणि दिग्व्रतही बंदी सांगत नाही, मर्यादाच सांगते.

मर्यादा घालता येते, याचे दाखलेही आहेत. १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय समुद्रातील जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली. दक्षिण ध्रुवाकडे जड इंधनावर २०११ पासूनच बंदी आहे. उत्तरेकडे ती जुलै २०२४ पासून आली, पण बऱ्याच जहाजांना २०२९ पर्यंत सवलत आहे. २०१९ साली काही मोठ्या जहाज कंपन्यांनी उत्तरेचा जवळचा मार्ग वापरणार नाही, असे जाहीर केले. समोर दिसणारा नफा सोडण्याचा हा निर्णय व्यापाऱ्यांनीच घेतला, हे विशेष.

न्हावा शेवाहून युरोपला जाणाऱ्या मालाला या वाटेचा उपयोग नाही, हे खरे. पण म्हणून आपण त्यातून सुटत नाही. रशियाच्या आर्क्टिक किनाऱ्यावरचे खनिज तेल अलीकडे भारतीय शुद्धीकरण कारखान्यांत आले आहे. आपल्या पेढ्यांचा माल वाहणाऱ्या कंपन्यांचीच जहाजे जगातील इतर वाटांवरही फिरतात. दिग्व्रताच्या अतिचारांत ‘क्षेत्रवृद्धी’ सांगितली आहे. लोभापायी, आखलेली सीमा वाढवणे. एक वाट अडली की दुसरीकडची सीमा पुढे सरकवायची, ही वृत्ती शास्त्रकारांनी फार पूर्वीच ओळखली होती.

म्हणून आयात-निर्यातीच्या व्यवसायातील बंधूंना एक विनंती करतो. आपल्या फॉरवर्डरला एवढेच विचारावे: आमचा माल ज्या कंपनीच्या जहाजाने जातो, ती कंपनी उत्तरेच्या समुद्रातून जहाजे नेते काय? आणि दर दोन कंपन्यांचा सारखाच असेल, तर न नेणारीला पसंती द्यावी. येत्या पर्युषणात व्रतांचे स्मरण करताना ज्यांना दिशांची मर्यादा नव्याने आखायची असेल, त्यांनी उत्तरेच्या सीमेवर या समुद्राचे नाव घालावे. तेथे आपण कधी जाणार नाही. आपल्या नावाने आपला मालही तेथून जाऊ नये.