नोंदवहींतील रिकाम्या जागा

मुलांचे खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय, असें म्हणण्याचा हक्क वडील मंडळींस परंपरेनेंच प्राप्त झालेला असतो, आणि आम्हींही तो यथेच्छ बजाविला आहे. पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्या मुलांच्या मामांनीं अमेरिकेहून येतांना दोघां भावांसाठीं गेमबॉय नांवाचीं दोन यंत्रें आणि ‘पोकेमॉन’ या खेळाच्या दोन कॅसेटी आणिल्या. थोरल्यास निळी, धाकट्यास तांबडी. “दोन कशाला? एक पुरली असती,” असें आम्ही त्यांस म्हणालोंही. त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस गेल्या उन्हाळ्यांत मिळालें, आणि तें आमच्या आठ वर्षांच्या नातवानें दिलें.

माळा आवरतांना तांबडी कॅसेट सांपडली. धाकट्या चिरंजीवांनीं मोठ्या उत्साहानें यंत्रांत सेल घातले. खेळ सुरू झाला. परंतु त्यांची जुनी नोंदवही पार पुसली गेली होती. या कॅसेटींत स्मरण राखण्यासाठीं नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली, कीं तिच्याबरोबर सारी मिळकत जाते. “दीडशें पुरे केले होते, बाबा,” एवढेंच ते म्हणाले. आम्हीं नवी बॅटरी बसवून आणिली, आणि नातवानें पहिल्यापासून आरंभ केला. आम्ही शेजारीं बसून पाहूं लागलों.

हा खेळ सातोशी ताजिरी या जपानी गृहस्थानें रचिला. बाळपणीं त्यास किडे गोळा करण्याचा नाद होता. १९९६ सालीं खेळ जपानांत निघाला व १९९८ सालीं अमेरिकेंत गेला. आरंभीं एक वृद्ध प्राध्यापक मुलाच्या हातीं ‘पोकेडेक्स’ नांवाची कोरी नोंदवही देतात. जगांतील यच्चयावत् प्राण्यांची नोंद करावी, हा त्यांचा जन्माचा संकल्प. परंतु वय झाल्यामुळें तो ते नव्या पिढीवर सोंपवितात. वहींत १५१ क्रमांक आहेत. शेवटला प्राणी खेळणाऱ्यास सहसा मिळत नाहीं, म्हणून १५० भरले, कीं वही पुरी मानितात.

या वहीची एक रीत आम्हांस फार आवडली. प्राणी नुसता दृष्टीस पडला, तर क्रमांकापुढें त्याचें नांव उमटतें आणि तो कोठें आढळतो तें नकाशावर दिसतें. उंची, वजन आणि वर्णन हे रकाने मात्र तो आपल्यापाशीं आल्यावरच भरतात. ‘पाहिलेले’ आणि ‘मिळविलेले’ अशा दोन बेरजा निरनिराळ्या ठेविलेल्या असतात. भरलेल्या रकान्यांवर फारसा विश्वास ठेवूं नये, हें खरें. २००२ सालच्या आवृत्तींतील वेलॉर्ड नांवाचा देवमासा साडेचौदा मीटर लांब, आणि वजन अवघें ३९८ किलो! आमच्याकडील एखादी धष्टपुष्ट म्हैसही याहून भारी भरेल.

परंतु खरी मौज पुढेंच आहे. एकट्यानें ही वही पुरी होतच नाहीं. तांबड्या कॅसेटींत सँडश्रू, व्हल्पिक्स सांपडत नाहींत. निळींत एकान्स, ऑडिश सांपडत नाहींत. चार प्राणी तर असे आहेत, कीं तारेनें जोडलेल्या दुसऱ्याच्या यंत्रांत गेल्यावांचून त्यांचें अंतिम रूप प्रकटच होत नाहीं. हाँटर पाठवावा, तो तिकडे पोंचतांच गेंगार होतो. मग तो परत करणें न करणें घेणाऱ्याच्या सचोटीवर. आणि दिलेल्या प्राण्याची नोंद देणाऱ्याच्या वहींतून कधींही पुसली जात नाहीं. मामांनीं दोन रंग कां आणिले, तें आतां आम्हांस कळलें.

तार जोडून ओटीवर तासन् तास बसणारे ते दोघे भाऊ पुढें मोठे झाले. थोरले टोरांटोस गेले. वडिलार्जित घराच्या व्यवहारांत मतभेद झाला. त्या वेळीं आम्हीं एकाची बाजू घेतली, आणि ती घेण्यांत घाई केली. गेलीं सहा वर्षें दिवाळीच्या चार ओळींपलीकडे भावाभावांत शब्द नव्हता.

एके दिवशीं नातवानें सहज विचारिलें, “आजोबा, काकांची निळी अजून असेल का हो? माझे पुष्कळ रकाने रिकामे आहेत.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याचे वडील वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं मान वर केली नाहीं, पण पानही उलटलें नाहीं.

त्या रात्रीं त्यांनीं टोरांटोस फोन लाविला. अर्धा तास बोलणें हाँटरचेंच चाललें होतें. कोणीं कोणाचा परत केला नव्हता, यावरून हंसण्याचाही आवाज आला. थोरल्यांच्या कॅसेटीचीही बॅटरी संपली आहे. दोघांच्याही वह्या कोऱ्या. दिवाळींत ते निळी घेऊन येणार आहेत.

घराचा विषय निघाला नाहीं. तो आम्हांसच काढावा लागेल, हें आम्ही जाणतों. थोरल्यांचें नांव आमच्या वहींत आहे, ते कोठें आढळतात हेंही ठाऊक आहे; पुढील रकाने भरण्याचें काम आमच्याकडूनच राहिलें आहे.