कांद्याची पट्टी आणि कराचा हिशोब

‘शेतकरी कर भरत नाही’ हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. टीव्हीवरच्या चर्चेत ते येतं, एसटीत शेजारी बसलेला नोकरदार ते म्हणतो आणि पुण्याला गेलो की माझे साडूही ऐकवतात, “तुमचं बरंय, ना टॅक्स, ना टेन्शन. वर सरकारचे पैसे थेट खात्यात!” माणूस दिलदार आहे, अडीनडीला धावून येतो. पण या एका विषयावर आमचं भांडण ठरलेलं.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे मान्य. पण आयकर म्हणजे सगळा कर नव्हे. सोलापूर जिल्ह्यात आमची कोरडवाहूला लागून थोडी बागायत आहे, तिच्यात मी कांदा करतो. पातीवर फुलकिडे दिसले की औषधाच्या बाटलीवर १८ टक्के जीएसटी भरतो. खताच्या पोत्यावर ५ टक्के, पीव्हीसी पाइपावर १८ टक्के. ठिबकवर १२ टक्के भरले. तो दर ५ टक्क्यांवर यायला सप्टेंबर २०२५ उजाडला. कारखानदार कच्च्या मालावर भरलेला कर आपल्या पुढच्या करातून वळता करून घेतो. माझा कांदा करमुक्त, म्हणून मला वळतं करायला काहीच नाही. दुकानदार निदान किंमत वाढवून गिऱ्हाइकावर ढकलतो. माझ्या मालाची बोली लिलावात दुसरेच लावतात, मी कुणावर ढकलू?

खताला अनुदान आहे, हे मला सतत सांगितलं जातं. आहे, आणि ते नसतं तर आम्ही मेलोच असतो. पण युरियाचं २६६ रुपये ५० पैशांचं पोतं ऐन हंगामात मागायला गेलो की दुकानदार सोबत नको असलेली दुसरी खतं गळ्यात मारतो. याला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात. हे घेतलं तरच ते मिळेल. सरकारनं वाचवलेले पैसे काउंटरवरच परत जातात आणि हिशोबात मात्र मी अनुदान खाल्लेला माणूस ठरतो.

आता २०२३ चं सांगतो. फेब्रुवारीत लाल कांद्याचा भाव असा कोसळला की आमच्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता २ रुपयांचा चेक मिळाला. माझी पट्टीही त्याच सुमाराची होती. घरी येऊन ती बायकोच्या हातात द्यायची लाज वाटली. मग ओरड झाली आणि राज्य सरकारनं १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये जाहीर केले, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. माझा ८० क्विंटल गेला होता. म्हणजे २८ हजार.

अर्जाला विक्रीपट्टी हवी, बँकेचं पासबुक हवं आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर आपणच करायची असते. आमच्या शिवारात रेंज येते ती टेकाडावर, आणि कांदा असतो खाली मळ्यात. कितीतरी जणांच्या सातबाऱ्यावर कांदा चढलाच नव्हता. बाजार समितीत विकलेल्या मालाची पावती खिशात असताना ‘तुम्ही कांदा पिकवला याचा पुरावा काय?’ असं विचारतात, तेव्हा तळपायाची आग मस्तकात जाते. पुढे गावपातळीवर पाहणी करून दाखला द्यायची सोय झाली. पैसे आले, पण तुकड्यातुकड्यानं. सोसायटीच्या कर्जाचं व्याज मात्र तुकड्यांची वाट बघत थांबलं नाही.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, जरा भाव चढू लागले होते, तर केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. डिसेंबरात निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण शुल्क राहिलंच. ते सप्टेंबरात २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला एकदाचं गेलं. असं शुल्क असलं की बंदरावर ते निर्यातदार भरतो. पण तो ते स्वतःच्या खिशातून भरत नाही. आमच्याकडच्या लिलावात तेवढी बोली खाली आणतो. म्हणजे माझ्यावरचा सर्वांत जड कर कुठल्याच पावतीवर दिसत नाही. साडूंच्या पगारातून कापलेला कर त्यांच्या फॉर्म सोळावर छापून येतो, म्हणून तो त्यांना दिसतो आणि माझा दिसत नाही.

पीएम-किसानचे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे ६ हजार मी घेतो, उघडपणे घेतो. पण किलोमागे १० रुपये भाव पाडला, तर ८० क्विंटलमागे माझे ८० हजार जातात. १२ हजार देऊन कुणी उपकाराची भाषा केली, तर मी ती ऐकून घेणार नाही.

चर्चेतले एका बाजूचे म्हणतात, यांना फुकटाची सवय लागली. दुसऱ्या बाजूचे बळीराजा म्हणून गळा काढतात. मला दोन्ही नकोत. शहरातल्या माणसाला कांदा परवडला पाहिजे हे मलाही पटतं. त्याच्या घरातही पगार पुरत नाही. पण त्याला स्वस्त द्यायचा तर त्याची किंमत सगळ्या देशानं मिळून भरावी, एकट्या कांदेवाल्यानं नव्हे. म्हणून निर्यातीचं जे काय धोरण असेल ते रोप टाकायच्या आधी सांगा, म्हणजे किती लावायचं ते मी ठरवीन. काढणी झाल्यावर नियम बदललात, तर पडलेल्या भावाचा फरक त्याच हंगामात, एकरकमी द्या. आणि त्याला अनुदान म्हणू नका, देणं म्हणा.