पहिले पत्र

मासिकाचे वाचक आणि मासिकाचे वर्गणीदार हे दोन वर्ग एकच असते, तर मराठी नियतकालिकांच्या संपादकांना पुष्कळच शांत झोप लागली असती. परंतु एक अंक विकत घ्यावा आणि तो चार घरी फिरावा, ही आपली जुनी रीत. बडोदेकरांना तिचे नवल वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना पाचारण करून मोफत वाचनालयांची योजना आखली आणि फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी पोचविली. फुकट वाचणे हा अपराध नव्हे. तो वाचनाचा उंबरठा आहे. उंबरठ्यावरच्या पाहुण्याला आत कसे बोलवावे, एवढाच प्रश्न उरतो.

गेली काही वर्षे, शाळेचे काम सांभाळून, मी एका लहानशा मराठी मासिकाचा पत्रव्यवहार पाहतो. हल्ली अंक ई-मेलने विनामूल्य जातो. छापील अंकासाठी मात्र वर्गणी लागते. नाव नोंदविताच यंत्राने कोरडी पोच द्यावी आणि पुढे एके दिवशी एकदम पैशांची मागणी यावी, हा सर्वत्र रूढ असलेला प्रकार मला रुचत नाही. पाहुणा दारात आला, त्याच घटकेला ‘या, बसा’ म्हणावे. म्हणून आमचे पहिले पत्र त्याच दिवशी जाते आणि त्याखाली माणसाचे नाव असते. अंक केव्हा येईल हे त्यात सांगतो, जुन्या अंकांतला एक चांगला लेख सोबत जोडतो आणि एकच प्रश्न विचारतो: ‘आपल्या घरी मराठी कोण कोण वाचते?’

आठवड्याने दुसरे पत्र जाते. कागद, छपाई आणि टपाल यांवर पैसा कसा खर्च होतो, ते त्यात उघड मांडलेले असते. वर्गणीची गोष्ट येते ती तिसऱ्या पत्रात. रकमेसह, आणि आडपडदा न ठेवता. वर्गणी आली की मागणीची पत्रे तत्काळ थांबवावीत. आभार मानलेल्या माणसापुढे पुन्हा हात पसरू नये. न आली, तरी ई-मेलचा अंक बंद करू नये. पूर्वी संपादक व्ही. पी. करीत आणि ती न सोडविता परत आली, की टपालखर्च त्यांच्याच माथी बसे. आता तो भुर्दंड नाही. म्हणून धीर धरणे परवडते.

या पत्रांनी सगळेच वर्गणीदार होतात असे नव्हे. तथापि त्या एका प्रश्नाला उत्तरे येतात, आणि ती वाचताना वर्गणीचा हिशेब मागे पडतो. सुरतेच्या एका निवृत्त गृहस्थांनी कळविले, ‘घरी मराठी वाचणारा मी एकटाच उरलो आहे. सूनबाई गुजराती, नात इंग्रजी शाळेत.’ पुढे त्यांची वर्गणी आली, ती नातीच्या नावाने. सोबत दोन ओळी होत्या: ‘तिला अजून मराठी वाचता येत नाही. पण दरमहा टपालाने आलेल्या वेष्टनावर स्वतःचे नाव दिसेल, तेवढी अक्षरे तरी ती ओळखू लागेल.’

ते नाव मी छापील चिठ्ठीवर सोडलेले नाही. दरमहा वेष्टनावर ते मी स्वतःच्या हाताने, ठळक आणि सुवाच्य अक्षरांत लिहितो.