बार्शीची छोटी गाडी आणि हिऱ्याचं होकायंत्र

मुलांनो, बार्शीला जाल तेव्हा खिशात एक होकायंत्र टाका. जत्रेत मिळतं ते साधंसुधंही चालेल.

आधी भगवंताच्या देवळात जा. विष्णूची देवळं गावोगावी असतात, पण इथे तो 'भगवंत' या नावानेच नांदतो. दर्शन झालं की मोकळ्या जागी होकायंत्र तळहातावर आडवं धरा. सुई जराशी डुलेल आणि उत्तर दाखवून थांबेल. आता स्टेशनावर चला. तिथे एखाद्या लोखंडी खांबाजवळ तेच होकायंत्र न्या. (रुळांवर मात्र कुणीही उतरायचं नाही!) बघा, सुई ढळली ना? लोखंडामुळे आसपासचं चुंबकीय क्षेत्र बदललं. पण नेमकं किती, हे सुईला सांगता येत नाही. आणि मोबाइलच्या चिपमधल्या, केसाहून बारीक वाटांवरून वाहणाऱ्या विजेचं क्षेत्र तर तिला कळायचंच नाही.

ते कळतं हिऱ्याला! याच स्टेशनावरून रात्री मुंबईची गाडी मिळते. सकाळी मुंबईत उतरून पवईला गेलं की आयआयटी. तिथे प्राध्यापक कस्तुरी साहा यांचा गट अशा हिऱ्यांवर काम करतो. २०२४ साली आयआयटी मुंबई आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी चिपच्या आतलं चुंबकीय चित्र काढणारं हिऱ्याचं यंत्र मिळून बनवायचं ठरवलं.

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची शिस्तबद्ध रांग. त्या रांगेतला एक अणू गायब आणि त्याच्या शेजारच्या कार्बनच्या जागी नायट्रोजन येऊन बसलेला, असा हा दोष. सराफ नाक मुरडेल, पण शास्त्रज्ञांना नेमका हाच हवा असतो. त्यावर हिरवा लेसर टाकला की तो लाल उजळतो. मग त्याला मायक्रोवेव्ह लहरी द्यायच्या. त्यांची कंप्रता २८७० मेगाहर्ट्‌झ झाली की लाल प्रकाश एकदम मंदावतो. (घरच्या मायक्रोवेव्ह भट्टीत २४५० असते, म्हणजे भावंडंच म्हणा ना!) जवळ चुंबक आणला की प्रकाश एकाऐवजी दोन आकड्यांवर मंदावतो. त्या दोन आकड्यांतलं अंतर मोजलं की क्षेत्र कळलं.

गंमत इथवर छान आहे. घोडं अडतं ते मायक्रोवेव्हपाशी. या लहरी हिऱ्याजवळच्या तांब्याच्या तारेतून सोडतात, पण बऱ्याचशा इकडेतिकडेच वाया जातात. म्हणून मोठा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, तो तापतो म्हणून पंखा लागतो आणि हिराही तापतो तो वेगळाच. हिरा एक अंशाने तापला की २८७० चा तो आकडा सुमारे ७४ किलोहर्ट्‌झने खाली घसरतो. अडीच मायक्रोटेस्लाच्या क्षेत्राने जेवढा फरक पडावा, तेवढा! पृथ्वीचं सगळं क्षेत्र आपल्याकडे चाळीस मायक्रोटेस्लाच्या थोडं वर, त्यात ही गडबड. दोन्ही आकडे एकाच बाजूला घसरतात म्हणून चोरी पकडता येते, पण बॅटरीचं काय? एवढं बाड घेऊन शेतात नाहीतर दवाखान्यात कोण जाणार?

मला इथे बार्शीची जुनी छोटी गाडी आठवते. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शी रोड (आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची लाइन सुरू केली. याच साहेबांनी पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं! भारी रूळ परवडणार नव्हते. म्हणून त्यांनी ठरवलं, इंजिन असो की डबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही. वजन जास्त? मग आस वाढवा, भार सारखा वाटा. मीटरला जेमतेम १५ किलोचे रूळ पुरले. आता तिथे मोठी गाडी धावते.

हिऱ्याचंही तसंच. ताकद वाढवण्याआधी ती कुठे सांडते ते बघायचं. तार निम्म्या अंतरावर आणली तर हिऱ्यापाशी लहरींचा जोर दुप्पट होतो. जोर दुप्पट करायला एरवी चौपट वीज लागते, म्हणजे आता पाव वीज पुरली! दुसरी युक्ती झोक्याची. झोका उंच न्यायला पैलवान लागत नाही, तालावर हलके धक्के दिले की झालं. तसं २८७० च्या तालाला जुळवलेलं तांब्याचं कडं करतात. त्याने जोर दहापट झाला, तर दहा वॅटचं काम एक दशांश वॅटवर होतं. शिवाय कड्याचा आकार असा ठेवतात, की हिऱ्याच्या सगळ्या भागांना सारखाच जोर मिळावा. कॅलथ्रॉपसाहेबांचे आस आठवले ना?

अडचण इथेही आहेच. कडं एकाच तालाचं, आणि जोरदार चुंबकाने हिऱ्याचा आकडा फार सरकला तर ताल चुकतो. मायक्रोवेव्ह अजिबात न वापरताही मोजता येतं, पण त्याला आधीच जोरदार चुंबक शेजारी ठेवावा लागतो.

आणि हो, होकायंत्र घरी आल्यावर टाकून देऊ नका. एक सेल आणि एक तार घ्या. तार सुईच्या वर, सुईच्याच दिशेने धरून सेलच्या दोन टोकांना क्षणभरच टेकवा, कारण तीही तापते! सुई हलेल. मग तार दुप्पट उंचीवर धरून पाहा आणि सुई किती कमी हलली ते मला पत्राने कळवा.