बाणगंगेची ठेव

जयपूरच्या पूर्वेस, गलत्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, जवाहर नगर नावाच्या वसाहतीत माझे सारे आयुष्य गेले. आणि देशावर वाढलेल्या माझ्या आप्तांना कृष्णा किंवा मुठा जशी जन्मापासून आपली वाटते, तसे मला शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेले रामगढचे सरोवर आपले वाटत आले. शहराच्या नळांना १९३१ पासून त्याचे पाणी मिळू लागले होते, त्यामुळे पुढे दीर्घकाळ जयपुरात राहणाऱ्या प्रत्येक माणसाच्या देहात त्या सरोवराचा अंश होता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

हिवाळ्यात, आईने बांधून दिलेल्या दशम्या घेऊन आम्ही तेथे सहलीस जात असू. अरवलीच्या उतारांवरील धोकवृक्षांची पाने त्या ऋतूत तांबूस होतात, आणि त्या ताम्रवर्णी डोंगरांच्या मधोमध, पूर्ण भरले असता सुमारे १५ चौरस किलोमीटर पसरणारे ते पाणी पाहिले म्हणजे, वर्षाकाठी जेमतेम ६० सेंटीमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात आपण उभे आहोत, याचा विसर पडे. उथळ काठाशी चक्रवाकांच्या जोड्या उतरलेल्या असत, पाण्यावर नावा फिरत, आणि नाव मध्यावर गेली की वडील, ज्यांना जुने दस्तऐवज वाचण्याचा छंद होता, या पाण्याची कुळकथा सांगू लागत.

ती कथा अशी. महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांच्या अमदानीत, १८९७ च्या अखेरीस, बाणगंगा नदीवर धरणाचे काम सुरू झाले आणि १९०३ साली ते पुरे झाले; त्या सहा वर्षांच्या मधोमध छप्पन्नाचा दुष्काळ, म्हणजे विक्रम संवत् १९५६ चा तो भीषण काळ, येऊन गेला, ज्याचे नाव आजही राजस्थानातील वृद्ध माणसे आवाज खाली आणून घेतात. पाऊस दोन-तीन महिने येतो आणि मग वर्षभर पाठ फिरवतो, हे ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले, त्याने येत्या तहानेसाठी राखलेली ही ठेव होती. नावा, सहली आणि काठावरची शिकारीची विश्रामगृहे, ही तिच्यावरची शोभा. बाणगंगा विराटनगरच्या, म्हणजे बैराठच्या, डोंगरांत उगम पावते, आणि अर्जुनाने भूमीत बाण मारून ती प्रकट केली, असे लोक मानतात. ज्या विराटाच्या घरी पांडवांनी अज्ञातवास कंठला, त्याची नदी आपल्या माठात येते, या विचाराने आम्हां मुलांना मोठी धन्यता वाटे.

१९८२ साली दिल्लीला नववे आशियाई क्रीडासामने भरले. नौकानयनाच्या शर्यतींना दोन हजार मीटरचा सरळ आणि निश्चल जलमार्ग लागतो, आणि तो मिळाला रामगढला. वाळवंटाच्या उंबरठ्यावरील आमच्या गावाच्या पाण्यावर परदेशी नावा धावल्या, त्याचा अभिमान मला आजही सोडवत नाही.

आणि तेच पाणी त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत नाहीसे झाले. पावसाने दगा दिला, असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते मान्य नाही. कमी पावसाची वर्षे या सरोवराने पूर्वीही पाहिली होती. बाणगंगा, रोडा, ताला, माधोबेणी यांचे प्रवाह ज्या वाटांनी येत, त्या शहापुरा, विराटनगर, आमेर आणि जमवा रामगढ या तहसिलींच्या वाटांवर कोठे एनिकट, म्हणजे लहान बंधारा, झाला, कोठे शेताचा बांध पुढे सरकला, कोठे पात्रातच पट्टे दिले गेले, कोठे श्रीमंतांच्या बागा आणि भिंती उभ्या राहिल्या, आणि कूपनलिकांनी जमिनीच्या पोटातील ओल खेचून घेतली. यांतील एकेक गोष्ट निरुपद्रवी वाटावी, इतकी लहान होती. एनिकट बांधणाऱ्या गावालाही तहान होतीच, आणि तिला मी दोष देऊ धजत नाही. परंतु नदीच्या पात्राची नोंद महसुली दप्तरात वेगवेगळ्या नावांनी फिरू लागली की ती नदी उरत नाही, हे ज्यांना ठाऊक असायला हवे होते, त्यांच्या मौनाला मात्र क्षमा नाही. सरोवराच्या कोरड्या तळात पुढे पिके डोलू लागली.

राजस्थान उच्च न्यायालयाने २००४ साली अब्दुल रहमान खटल्यात असा हुकूम दिला की, जलप्रवाहांच्या वाटा १५ ऑगस्ट १९४७ रोजी होत्या तशा कराव्यात; आणि २०११ साली रामगढच्या अतिक्रमणांची दखल न्यायालयाने आपण होऊन घेतली. दरम्यान शहराची तहान टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बीसलपूर धरणाकडे वळली, आणि आता तर दूरच्या नद्यांचे पाणी आणून रामगढ भरण्याच्या योजना ऐकू येतात. तसे झाले तर मला आनंदच होईल. पक्षी पाण्याचे गोत्र विचारीत नाहीत. तरीही ज्या दिवशी त्या चार तहसिलींतील एकेका ओढ्याची मोजणी होऊन त्याची सरहद्द पुन्हा दगडांनी आखली जाईल, आणि बाणगंगा आपल्या पायांनी धरणापर्यंत येईल, त्या दिवसाची मागणी आम्हां जयपूरकरांनी सोडू नये, अशी माझी कळकळीची विनवणी आहे.