महाबळेश्वरची थंडी आणि आपली साडी

मैत्रिणींनो, डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला निघालात, तर बॅग भरताना एक लक्षात ठेवा. सुमारे ४,५०० फुटांवरच्या या गावात एकाच दिवसात थंडी दोनदा येऊन जाते. पहाटे वेण्णा तलावाकाठी गवतावरचे दव कधीकधी गोठून पांढरे होते. दुपारी स्ट्रॉबेरीच्या मळ्यात ऊन चांगले चटके देते. आणि सूर्यास्ताला बाँबे पॉइंटवर वारा पुन्हा झोंबू लागतो!

एकच जाडजूड कोट नेलात, तर दुपारभर तो हातावर वागवायचा. त्यापेक्षा एकावर एक पातळ कपडे घाला. त्यांच्यामध्ये अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. आत अंगाला बसणारे बनियन, वर लांब बाह्यांचे ब्लाउज, त्यावर साडीच्या काठाशी जुळणारे पातळ स्वेटर आणि शेवटी शाल. परकराच्या आत स्लॅक्स, पायांत लोकरी मोजे आणि बूट. साडी चापूनचोपून नेसा, जरा वरच. म्हणजे दवाने काठ भिजत नाहीत. ऊन चढेल तशी आधी शाल, मग स्वेटर पिशवीत!

विल्सन पॉइंटवर यजमान आणि मुले सूर्योदय पाहताहेत आणि आपण गाडीत काचा लावून कुडकुडतोय, असे का व्हावे? सहल आपलीही असते ना!