वाळणे

भिजण्याचे कौतुक आपल्या कवींनी पोटभर केले आहे; वाळण्याकडे मात्र सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाही. वाळणे म्हणजे पाणी निघून जाणे, त्यात पाहण्यासारखे ते काय, अशीच आपली समजूत. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडयांचे वाळवण घालून कावळे हाकलणाऱ्या गृहिणींना विचारावे; त्या कदाचित निराळे सांगतील. पाणी जाता जाता पुष्कळ काही करून जाते.

खिडकीच्या काचेवरील धूळच घ्या ना. कोरडी असते तोवर ती फडक्याने सहज निघते. पण वळवाची हलकीशी सर येऊन गेली आणि काच उन्हाने वाळली, की तीच धूळ नखाने खरवडली तरी हटत नाही. पाणी धूळ धुऊन नेते हे वाहत्या पाण्याविषयी खरे. जागच्या जागी आटणारे पाणी धूळ चिकटवते. थेंब आटत आला, की त्याचा शेवटचा अंश कण आणि काच यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत जाऊन दडतो. तेथे पाण्याचा पृष्ठभाग आत वळलेला असतो, आणि अशा पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होण्याची प्रवृत्ती कमी असते, हे विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८७१ मध्ये दाखवून दिले. फट जितकी अरुंद, तितके तेथले पाणी चिवट. मौज अशी, की पाणी उणावले म्हणून त्याची ओढ उणावत नाही. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या जाडीच्या कणाला ते आपल्याकडे खेचते, ते कणाच्या वजनाच्या हजारो पट जोराने! शेवटी तेही जाते. परंतु तोवर कण काचेला भिडलेला असतो, आणि पाण्यात विरघळलेले क्षार मागे राहून त्या सांध्यात चुना भरावा तसे बसतात.

शाडूची मूर्ती सावलीत का वाळवतात, याचेही मर्म येथेच आहे. कणाकणांमधले पाणी जाताना कणांना जवळ ओढते, म्हणून माती आकसते. उन्हात वरचा थर घाईने आकसला आणि आतला ओलाच राहिला, की मूर्तीला तडा गेलाच म्हणून समजा.

हे सारे कौतुकाने वाचले असते, पण गेल्या पावसाळ्यापासून या विषयाशी माझे थोडे वैर जडले आहे. आमच्या जुन्या घराचे कौल फुटून माळ्यावरची ट्रंक भिजली. तीत आईची ओव्यांची वही होती. कोणाच्या ध्यानात येईपर्यंत ती आपली आपण वाळूनही गेली, आणि तिची वडी झाली. पानापानांमधल्या पाण्याने कागद एकमेकांकडे ओढून घेतले. कागदातली खळ थोडी विरघळली, आणि तिने ते सांधून टाकले.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुरात फ्लॉरेन्सची ग्रंथालये बुडाली, तेव्हा ओली पुस्तके तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांत नेऊन वाळवावी लागली होती. पुढे निराळी युक्ती रूढ झाली. पुस्तक आधी गोठवायचे आणि निर्वात पेटीत बर्फाची थेट वाफ करायची. पाणी द्रवरूपात येतच नाही, मग ओढणार कोण? मात्र एकदा वाळून चुकलेल्या वहीला ही युक्ती लागू नाही. तिला दमट हवेत ठेवून, पाने मऊ करून, एकेक अलगद सोडवावे लागते.

आणि तेथेच माझे मन अडखळते. आईने वही दौतीच्या शाईने लिहिली. पाणी वाळताना ओलीच्या कडेकडे सरकते आणि विरघळलेला रंगही तिकडेच वाहून नेते. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद का, याचा उलगडा शिकागोच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये असाच केला. वहीच्या वरच्या पानावर तशी एक निळसर रेघ नागमोडी गेली आहे. आतल्या अक्षरांचे काय झाले असेल, कोण जाणे. पाने सोडवायला ओल हवी. ओल थोडीही अधिक झाली, तर उरलेली शाई हलायची. धाकटी बहीण म्हणते, उघडूच. वाचायची नाही तर वही ठेवायची कशाला? थोरले बंधू म्हणतात, हात लावू नका. मी ती वही रोज हातात घेऊन पाहतो. रेघेच्या वरच्या अंगाला, कोरड्या राहिलेल्या कोपऱ्यात, ‘माहेर’ हा शब्द आणि त्यापुढची एक वेलांटी तेवढी स्वच्छ दिसते.